सर्वांत श्रेष्ठ घोडा कोणता?
मोजमापाची एक अवघड परीक्षा

शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागात गावोगावच्या यात्रांमध्ये बैलगाड्यांच्या शर्यती होतात. तेथे गाडे शेजारी शेजारी पळत नाहीत. एका वेळी एकच गाडा घाटातून सुटतो आणि निशाणापर्यंत पोहोचायला त्याला किती सेकंद लागले ते घड्याळावर मोजले जाते. ज्याचे सेकंद सर्वांत कमी, तो गाडा पहिला. सातारा-सांगलीकडे पाहिले तर पद्धत निराळी. तेथे अनेक गाड्या एकदम सुटतात आणि जी पुढे येईल ती जिंकते. तिला किती सेकंद लागले, याच्याशी निकालाचा संबंध नसतो.

एकाच महाराष्ट्रात श्रेष्ठत्व ठरविण्याच्या या दोन रीती आहेत. पहिली रीत विचारते, ‘किती वेळात?’ दुसरी विचारते, ‘कोणाच्या पुढे?’ वरवर पाहता दोन्ही प्रश्न एकच वाटतात. पण तसे नाही. दोन्हींची उत्तरे नेहमी जुळतातच असेही नाही. हा फरक समजून घ्यायला शर्यतीच्या घोड्यांसारखे दुसरे उदाहरण नाही. पैजेच्या पैशाशी आपल्याला येथे कर्तव्य नाही. आपल्याला पाहायचे आहे ते मोजमाप.

दोन घोडे, एक वाद

पुणे-दौंड लोहमार्गावरील आपल्या केडगावाहून पुण्याचे रेसकोर्स फार दूर नाही. लष्कराच्या जमिनीवरील हे मैदान १८३० सालापासूनचे आहे. पावसाळ्यात शर्यती पुण्यात होतात आणि हिवाळ्यात मुंबईच्या महालक्ष्मी येथे. महालक्ष्मीला १९४३ सालापासून इंडियन डर्बी ही २४०० मीटरची प्रसिद्ध शर्यत भरते.

भारतीय शर्यतींच्या इतिहासात दोन नावे वारंवार घेतली जातात. १९७०च्या दशकातला स्क्वॉन्डरर आणि १९८०च्या दशकातला एल्युसिव्ह पिंपरनेल. स्क्वॉन्डरर १९ वेळा धावला आणि १८ वेळा जिंकला. एल्युसिव्ह पिंपरनेल २३ वेळा धावला आणि २२ वेळा जिंकला. दोघेही आयुष्यात एकेकदाच हरले. दोघांची गाठ कधी पडली नाही, आणि पडणे शक्यही नव्हते. मग दोघांत श्रेष्ठ कोण?

सर्वांत सोपा उपाय म्हणजे टक्केवारी काढणे. १८ भागिले १९ म्हणजे ९४.७ टक्के, २२ भागिले २३ म्हणजे ९५.७ टक्के. एक टक्क्याने पिंपरनेल पुढे. झाला का निकाल? जरा थांबा. स्क्वॉन्डरर आणखी चार शर्यती धावला असता आणि चारही जिंकला असता, तर त्याचा हिशेबही हुबेहूब २३ पैकी २२ असाच झाला असता. म्हणजे हा एक टक्का घोड्याच्या पायांत नाही. कोण किती वेळा धावला, एवढेच तो सांगतो.

टक्केवारीत आणखी एक खोट आहे. ती प्रतिस्पर्ध्याविषयी काहीच बोलत नाही. हंगेरीची किंचेम ही घोडी १८७६ ते १८७९ या काळात ५४ वेळा धावली आणि ५४ वेळा जिंकली. अमेरिकेचा सेक्रेटेरियट २१ पैकी १६ वेळाच जिंकला, म्हणजे ७६ टक्के. केवळ टक्केवारी पाहिली तर सेक्रेटेरियट मागे पडतो. तरीही विसाव्या शतकातील श्रेष्ठ घोड्यांत त्याचे नाव अग्रभागी असते. ते का, हे कळण्यासाठी घड्याळाकडे वळू.

घड्याळ काय सांगते?

९ जून १९७३ रोजी न्यूयॉर्कजवळच्या बेलमाँट मैदानावर सेक्रेटेरियटने दीड मैलाची शर्यत २ मिनिटे २४ सेकंदांत जिंकली. दीड मैल म्हणजे २४१४ मीटर, आणि वेळ १४४ सेकंद. भागाकार केला तर सरासरी वेग येतो सेकंदाला १६.८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ६० किलोमीटर. दुसऱ्या क्रमांकाचा घोडा त्याच्या मागे ३१ घोडा-लांब्या होता. एका घोड्याची लांबी सुमारे २.४ मीटर धरतात. म्हणजे हे अंतर झाले जवळजवळ ७५ मीटर! त्या शर्यतीतील हा वेळेचा विक्रम आजही मोडलेला नाही.

घड्याळ पक्षपात करीत नाही. त्याला घोड्याचे नाव ठाऊक नसते, मालक ठाऊक नसतो. पण घड्याळ चालविणारा माणूस असेल तर? आपण स्टॉपवॉच दाबतो तेव्हा डोळ्यांनी पाहिल्यापासून बोट हलेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातो. तेवढ्या अवधीत घोडा १६.८ गुणिले ०.२, म्हणजे सुमारे ३.४ मीटर पुढे गेलेला असतो. हे अंतर एका घोड्याच्या लांबीपेक्षाही जास्त आहे. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात पुष्कळदा मानेइतकेच अंतर असते, हे ध्यानात घ्या.

यंत्रेही चुकतात. याच सेक्रेटेरियटने बेलमाँटच्या तीन आठवडे आधी प्रिकनेस ही शर्यत जिंकली होती. तेव्हा मैदानावरील विजेच्या घड्याळाने १ मिनिट ५५ सेकंद दाखविले. इतर वेळ-नोंदणीकारांची घड्याळे निराळी वेळ दाखवीत होती, म्हणून अधिकृत आकडा थोडा सुधारण्यात आला. तरी वाद मिटला नाही. अखेर २०१२ साली जुन्या चित्रफिती आधुनिक साधनांनी तपासण्यात आल्या आणि वेळ १ मिनिट ५३ सेकंद अशी दुरुस्त झाली. हा त्या शर्यतीचा विक्रम ठरला. पण त्याची नोंद व्हायला ३९ वर्षे लागली. मूळ चूक २ सेकंदांची. अंतरात सांगायचे तर सुमारे ३४ मीटर, म्हणजे १४ घोडा-लांब्या!

समजा, घड्याळ अगदी अचूक आहे. तरी अडचण संपत नाही, कारण जमीन बदलते. पुण्याचा हंगाम पावसाळ्यात असतो. मैदान भिजले की प्रत्येक टापेबरोबर माती दबते आणि तिला दाबण्यात घोड्याची ऊर्जा खर्च होते. कोरड्या, टणक जमिनीवर हा खर्च कमी असतो. म्हणून मैदानाचा मऊपणा मोजण्यासाठी पेनिट्रोमीटर नावाचे उपकरण वापरतात. ठराविक वजन ठराविक उंचीवरून सोडायचे आणि त्याच्या आघाताने सळई जमिनीत किती रुतते ते पाहायचे, एवढेच त्याचे तत्त्व. आकडा जितका मोठा, तितकी जमीन मऊ. अशी नोंद जवळ नसेल तर दोन वर्षांतल्या, दोन मैदानांवरच्या वेळांची तुलना करणे म्हणजे एकाने डांबरी सडकेवर आणि दुसऱ्याने नांगरलेल्या वावरात सायकल चालवून वेळ मोजण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट. घोडा घड्याळाशी शर्यत लावीत नाही, आणि त्याच्या पाठीवरचा जॉकीही नाही. चार लांब्यांनी पुढे असलेल्या घोड्याला जॉकी शेवटी सैल सोडतो, पुढच्या शर्यतीसाठी त्याची ताकद राखतो. घड्याळात दिसते ती घोड्याने त्या दिवशी घेतलेली वेळ. त्याला जास्तीत जास्त काय साधले असते, हे तिच्यातून कळत नाही.

पाठीवरचे वजन

मग दुसरा मार्ग कोणता? घोडदौडीच्या जगात तो फार जुना आहे. हुशार घोड्याच्या पाठीवर जास्त वजन द्यायचे, कमकुवत घोड्याच्या पाठीवर कमी. याला हँडिकॅप म्हणतात. सर्व घोडे एकदम निशाणापाशी पोहोचावेत, हा त्यामागचा हेतू. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात ॲडमिरल रूस यांनी वयानुसार घोड्याने किती वजन वाहावे याचे कोष्टक तयार केले. त्याच धर्तीची कोष्टके आजही वापरात आहेत.

हा जणू एक प्रचंड तराजू आहे. त्याचे गणित आपण करून पाहू. घोडा आणि जॉकी मिळून वस्तुमान सुमारे ५५० किलो धरा. घोड्याची ताकद तीच राहिली आणि ओझे वाढले, तर वेग साधारण त्याच प्रमाणात घटेल असे ढोबळमानाने मानू. हँडिकॅप देणाऱ्यांचा अनुभवाचा नियम असा, की एक मैलाच्या शर्यतीत दोन पौंड वजन म्हणजे एक घोडा-लांबी. दोन पौंड म्हणजे ०.९ किलो. ०.९ भागिले ५५० म्हणजे सुमारे ०.१६ टक्के. एक मैल, म्हणजे १६०९ मीटर, याचे ०.१६ टक्के किती? सुमारे २.६ मीटर. आणि घोड्याची लांबी २.४ मीटर! तबेल्यातील अनुभव आणि कागदावरचे गणित यांची उत्तरे किती जवळ आली, पाहिलेत ना? आपले गृहीतक ढोबळ आहे, म्हणून या मेळाला सिद्धता म्हणू नका. पण नियम हवेतला नाही, एवढे त्यावरून समजते.

आता एक मौज पाहा. ऑस्ट्रेलियाच्या फार लॅप या घोड्याने १९३० साली दोन मैलांची मेलबर्न कप शर्यत पाठीवर १३८ पौंड (सुमारे ६२.६ किलो) घेऊन जिंकली. पुढच्या वर्षी त्याला १५० पौंड (६८ किलो) देण्यात आले आणि तो आठवा आला. निकालाच्या यादीत हा पराभव आहे. पण इतके वजन त्याला का दिले? कारण तो इतरांहून फार श्रेष्ठ आहे, असे वजन ठरविणाऱ्यांना वाटत होते म्हणूनच! हरलेल्या शर्यतीतसुद्धा श्रेष्ठत्वाचा पुरावा असू शकतो, तो असा. फार लॅप एकूण ५१ पैकी ३७ शर्यती जिंकला. त्याच्या पाठीवरील वजनाचा विचार न करता ७३ टक्के हा आकडा सांगणे म्हणजे अर्धी गोष्ट सांगणे.

साखळीचे माप

प्रत्यक्ष भेटलेल्या घोड्यांचे ठीक आहे. पण जे कधी भेटलेच नाहीत त्यांचे काय? तेथे साखळी जोडतात. ‘अ’ने ‘ब’ला दोन लांब्यांनी हरविले, ‘ब’ने दुसऱ्या शर्यतीत ‘क’ला तीन लांब्यांनी हरविले, म्हणून ‘अ’ हा ‘क’पेक्षा पाच लांब्या सरस. वजन, जमीन, अंतर यांच्या दुरुस्त्या करून प्रत्येक घोड्याला एक गुणांक देतात. बुद्धिबळपटूंना गुण देण्याची आर्पाड एलो यांची पद्धतही याच जातीची आहे. तिच्यात बलवानाला हरविले तर जास्त गुण मिळतात आणि दुबळ्याला हरविले तर थोडे.

कल्पना उत्तम आहे. पण एक फुटाची पट्टी पुन्हा पुन्हा ठेवून तुम्ही शाळेचे पटांगण मोजले असेल, तर धोका तुमच्या लक्षात येईल. प्रत्येक ठेवणीत थोडी चूक होते आणि ती साचत जाते. प्रत्येक कडीत एका लांबीची चूक शक्य असेल, तर दहा कड्यांच्या साखळीत ती सर्वांत वाईट परिस्थितीत दहा लांब्या होईल. काही चुका इकडे, काही तिकडे अशा झाल्या, तरी साधारण दहाच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे तीन लांब्यांची अनिश्चितता उरतेच. १९७७ आणि १९८७ यांच्या दरम्यान घोड्यांच्या किती पिढ्या येऊन गेल्या, त्याचा विचार करा.

प्रसंगी पट्टीच बदलावी लागते. डान्सिंग ब्रेव्ह या घोड्याला १९८६ साली आंतरराष्ट्रीय क्रमवारीत १४१ गुण मिळाले होते. २०१२ साली इंग्लंडचा फ्रँकेल १४ पैकी १४ शर्यती जिंकून निवृत्त झाला. त्याला मिळाले १४०. पण जुन्या काळी गुण सढळ हाताने दिले जात होते, असे तज्ज्ञांनी २०१३ साली ठरविले आणि डान्सिंग ब्रेव्हचे गुण १३८ वर आणले. फ्रँकेल आपोआप पहिला झाला! घोडे दोन्ही तेच आणि त्यांच्या शर्यतीही त्याच. बदलली ती पट्टी. यात लबाडी नाही. उपकरणाचे अंशांकन सुधारणे हे विज्ञानात रोजचेच काम आहे. पण एक-दोन गुणांच्या फरकावर पैजा मारणाऱ्यांनी हे विसरू नये.

हृदयाचे वजन करावे काय?

काही जण म्हणतील, शर्यतीचे सोडा, घोड्याचे शरीरच मोजा. तसा प्रयत्नही जुना आहे. १७६४ सालच्या सूर्यग्रहणाच्या दिवशी जन्मला म्हणून एक्लिप्स हे नाव मिळालेला घोडा १८ शर्यती धावला आणि एकही हरला नाही. १७८९ साली तो मेल्यावर सँबेल नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने त्याच्या शरीराची मापे घेऊन त्याच्या वेगाचे रहस्य शोधण्याचा प्रयत्न केला.

फार लॅपचे हृदय कॅनबेरा येथील राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवले आहे. त्याचे वजन ६.२ किलो भरले. नेहमीच्या घोड्याच्या हृदयापेक्षा ते पुष्कळच मोठे आहे. मोठे हृदय एका ठोक्याला अधिक रक्त पुरविते, स्नायूंना अधिक प्राणवायू मिळतो, हे खरेच आहे. सेक्रेटेरियटचे हृदय २२ पौंडांचे, म्हणजे १० किलोंचे होते असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. पण ते हृदय कोणी तराजूत घातलेच नव्हते! १९८९ साली शवविच्छेदन करणाऱ्या पशुवैद्याने डोळ्यांनी केलेला तो अंदाज होता. मोजलेला ६.२ आणि अंदाजलेला १० हे दोन आकडे शेजारी छापले की सारखेच भरवशाचे दिसतात. आकडा दिसला की ‘हा कसा मिळाला?’ असे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी, ती यासाठीच.

समोरासमोर झुंजवून पाहिले तेव्हा

वाद मिटविण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे दोघांना समोरासमोर पळविणे. ६ जुलै १९७५ रोजी अमेरिकेत असा सामना ठरला. एका बाजूला रफियन ही घोडी. ती तोवर धावलेल्या दहाही शर्यती जिंकली होती. दुसऱ्या बाजूला त्या वर्षीची केंटकी डर्बी जिंकणारा फूलिश प्लेझर. सुरुवातीपासून दोघे जीव तोडून धावू लागले. अर्ध्या वाटेच्या आतच रफियनचा पुढचा पाय मोडला. शस्त्रक्रिया झाली, पण ती वाचली नाही. कागदोपत्री फूलिश प्लेझर जिंकला. त्या निकालावरून दोघांत श्रेष्ठ कोण ते ठरले, असे कोणीही म्हणत नाही.

येथे मोजमापाचा प्रश्न माणुसकीपाशी येऊन ठेपतो. पंख्याचा वेग मोजताना पंखा मोडला तर दुसरा आणता येतो. जिवंत प्राण्याच्या बाबतीत तसे नाही. आपल्याकडे बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली ती जनावरांच्या छळाच्या कारणावरूनच. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य धरला, तो जनावरांना वेदना होऊ नयेत म्हणून घातलेल्या अटींसह. एकाच आकड्याचा ध्यास घेतला की त्याची किंमत बैलाला किंवा घोड्याला मोजावी लागते, हे गाडामालकांनी आणि प्रेक्षकांनीही ध्यानात ठेवायला हवे.

भीमथडीचे तट्टू

शेवटी आपल्याच मातीतले एक उदाहरण घेऊ. भीमेच्या काठचा हा मुलूख पूर्वी भीमथडी म्हणून ओळखला जाई आणि येथील तट्टे दख्खनभर नावाजलेली होती. बांध्याने लहान, खुराने टणक, मिळेल त्या चाऱ्यावर दिवस काढणारी ही तट्टे मराठी फौजांच्या उपयोगी पडली. आजही धनगरांच्या वाड्यांबरोबर बिऱ्हाड वाहताना ती दिसतात. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या कर्नाल येथील संस्थेने भीमथडीची घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून अलीकडेच नोंद केली आहे.

हे तट्टू महालक्ष्मीच्या मैदानावर उभे केले तर शेवटचे येईल, यात शंका नाही. पण शर्यतीच्या उंची घोड्याला धनगराच्या वाड्याबरोबर चार महिने डोंगर-माळावरून चालायला लावा, पाठीवर भांडीकुंडी आणि कोकरे द्या, खायला वाळले गवत द्या. मग शेवटचा कोण येईल? दोन्ही प्राणी घोडेच. परीक्षा बदलली आणि क्रम उलटा झाला.

मग उत्तर काय?

म्हणजे श्रेष्ठत्व मोजताच येत नाही, असे समजायचे काय? मुळीच नाही. ‘स्क्वॉन्डरर त्याच्या काळातील भारतीय घोड्यांत अग्रगण्य होता’ हे विधान तपासता येते, कारण त्याने त्याच काळातील घोड्यांना त्याच मैदानांवर हरविले. एल्युसिव्ह पिंपरनेलविषयीही तसेच म्हणता येते. ‘सेक्रेटेरियटने दीड मैल २ मिनिटे २४ सेकंदांत कापले’ हेही तपासता येते. पण ‘सर्व काळातील सर्वांत श्रेष्ठ घोडा’ हे विधान तपासण्याजोगी पट्टी अजून कोणाकडे नाही. साखळीच्या मापाने आपण अंदाज करू शकतो. त्या अंदाजात जितकी अनिश्चितता आहे, त्याहून लहान फरकावरून निकाल देऊ नये, एवढेच.

म्हणून कोणी ‘श्रेष्ठ कोण?’ असे विचारले तर आधी चार उलट प्रश्न करावेत. कशात श्रेष्ठ? कोणाच्या तुलनेत? कोणत्या परिस्थितीत? आणि माप किती अचूक? हे चार प्रश्न घोड्यांपुरते नाहीत. कोणता फलंदाज मोठा, कोणती शाळा चांगली, वर्गात पहिला कोण, या सगळ्या वादांत ते तितकेच उपयोगी पडतात. ९१ टक्के आणि ९०.८ टक्के गुण मिळविणाऱ्या दोन मुलांत खरोखर किती अंतर आहे, याचा विचार शिक्षकांनीही या प्रश्नांच्या उजेडात करावा.

करून पाहा

१. शाळेच्या मैदानावर १०० मीटरची शर्यत घ्या. शेवटच्या रेषेवर पाच मुलांना स्टॉपवॉच द्या आणि एकाच धावपटूची वेळ पाचही जणांना मोजू द्या. पाच आकड्यांची सरासरी काढा. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान आकड्यांतील फरक किती आला? पहिल्या आणि दुसऱ्या धावपटूंच्या वेळांतील फरक त्याहून मोठा आहे का?

२. आठ धावपटूंना आधी एकेकटे पळवून वेळेनुसार क्रम लावा. दुसऱ्या दिवशी आठही जणांना एकत्र पळवून क्रम लावा. दोन्ही याद्या शेजारी लिहा. कोणाची जागा बदलली, आणि का बदलली असेल, यावर वर्गात चर्चा करा.